मेकिंग म्युझिक, ईसीएमची सीडी : घरात सगळ्यांना गप्प करा आणि मगच लावा

तबल्याचे झाकीरभाई (झाकीर हुसेन) २०२४ च्या डिसेंबरात गेले तेव्हापासून त्यांची 'मेकिंग म्युझिक' ही सीडी घ्यायची डोक्यात होतं. आधी ऑनलाइन मागवली तर केस फुटलेली आणि सीडीवर हा मोठा चरा, परत पाठवली. मग पुण्याहून सेकंडहँड मिळाली, ती मात्र एकदम क्लीन.

आमच्या मामाचं मिरजेत तंबोऱ्याचं काम आहे, म्हणून प्लेयर उचलून सांगलीहून थेट तिकडंच गेलो. मामा जवारी काढत बसलेला, म्हणजे तारेचा नाद गुंजता करत. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, हलकीशी कानस मारायची, तार छेडायची, दोरा केसभर सरकवायचा, परत ऐकायचं, आणि तेवढा वेळ दुकानात कुणी बोललेलं चालत नाही, पंखासुद्धा बंद. त्याचं झाल्यावर त्याच शांततेत सीडी लावली. हरिप्रसादजींची बासरी, झाकीरभाईंचा तबला, जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार आणि नॉर्वेच्या यान गार्बारेकचा सॅक्सोफोन. बासरीचा स्वर संपतो तिथं लगेच कुणी घुसत नाही, तो विरेपर्यंत थांबतात. मामानं कानस खाली ठेवली, म्हणाला, "रेकॉर्डिंग करणाऱ्याला कान हाय बघ."

तो कान निर्माता मान्फ्रेड आयशरचा. स्वतः डबल बास वाजवायचा, १९६९ ला म्युनिकमध्ये ईसीएम ही रेकॉर्ड कंपनी काढली, पहिली रेकॉर्ड माल वॉल्ड्रन या पियानोवाल्याची. १९७५ ला कीथ जॅरेटच्या जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या सोलो पियानो मैफलीची रेकॉर्ड आली, तीही धड नसलेल्या पियानोवर वाजवलेली, आणि ती लाखोंनी खपली. एवढं होऊनही कंपनी कुठल्या मोठ्या कंपनीला विकली नाही, आणि स्ट्रीमिंगवर यायला सुद्धा २०१७ चा नोव्हेंबर उजाडू दिला. आपली ही सीडी १९८६ च्या डिसेंबरात ओस्लोच्या रेनबो स्टुडिओत रेकॉर्ड झालेली, इंजिनियर यान एरिक कोंग्सहॉग, आयशरच्या कितीतरी रेकॉर्ड याच माणसाने केल्यात. म्हणून तर वाद्याबरोबर आजूबाजूची हवा पण ऐकू येते.

एक तक्रार आहेच. डग्गा मला जरा लांब वाटला, तबल्याच्या चाटीवरचा (कडेवरचा) 'ना' हा बोल जेवढा लख्ख येतो तेवढा डग्ग्याचा घुमारा अंगावर येत नाही. आणि तालाबद्दल, रागाबद्दल आत दोन ओळी लिहिल्या असत्या तर शिकणाऱ्या पोरांना किती उपयोग झाला असता.

फोनच्या स्पीकरवर लावू नका, निम्मं जातं. साधा का होईना डेक असू दे, आणि लावायच्या आधी पंखा बंद करा.