खोक्यातल्या कागदाची परीक्षा: हृदयाच्या गोळ्या आणि पोटातलं बाळ

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला माहितीपत्रकाचा पातळ कागद बहुतेकजण न उघडताच टाकून देतात. हृदयविकार आहे आणि दिवस गेलेत, किंवा मूल हवंय, अशा बाईला तो कितपत उपयोगी पडतो, एवढंच इथे तपासलंय. गरोदरपणाच्या परिच्छेदापलीकडचा मजकूर या परीक्षणात नाही.

निकाल आधीच सांगतो. काय टाळायचं हे कागद बरं सांगतो. कितव्या आठवड्यात, किती मात्रेला आणि त्याऐवजी काय, हे विचारलं की त्याची बोबडी वळते.

सगळ्यात चांगले गुण रक्तदाब आणि हृदयासाठी देतात त्या एनालाप्रिल, रामिप्रिल आणि लोसार्टन, टेल्मिसार्टन या गटाला. इशारा ठळक चौकटीत असतो आणि तो असायलाच हवा. दुसऱ्या तिमाहीपासून गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीतूनच तयार होतं. या गोळ्या बाळाच्या मूत्रपिंडाचं काम बिघडवतात, लघवी घटते, गर्भजल आटतं. पाणी नसलं की फुफ्फुसं नीट वाढत नाहीत, हातपाय आखडतात, कवटीची हाडंही अपुरी राहतात. ही साखळी कागदावर क्वचितच उलगडून दिलेली असते, त्यामुळे सोनोग्राफीत गर्भजलाची पातळी का पाहायची ते वाचणारीला कळत नाही. मुख्य नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतलं आहे. म्हणून पाळी चुकल्यावर लगेच लक्षात आलं तर घाबरून बसण्यापेक्षा त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळी बदलून घ्यावी. एक खूण लक्षात ठेवण्यासारखी: रासायनिक नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ आलं की थांबून विचारायचं. दोन-तीन औषधांच्या एकत्र गोळीत हे नाव लपलेलं असतं, हृदयाच्या पंपिंगसाठी देतात त्या सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टनमध्येसुद्धा.

रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा कागद मात्र अर्ध्यावर सोडून देतो. ‘गरोदरपणात वर्ज्य, कृत्रिम धातूची झडप असल्यास अपवाद’ हे वाक्य बरोबर आहे, पण अपवादात बसणाऱ्या बाईने करायचं काय? ही गोळी वारेतून बाळापर्यंत पोचते. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात घेतली तर नाकाचा भाग बसका राहणं आणि हाडांच्या टोकांना ठिपके येणं, असे दोष होऊ शकतात. रोजची मात्रा 5 मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका जास्त. त्यानंतरही बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होण्याची शक्यता उरतेच, कारण आईबरोबर बाळाचंही रक्त पातळ झालेलं असतं. त्याऐवजी हेपरिन हे रक्त पातळ करणारं इंजेक्शन देता येतं; त्याचा रेणू मोठा, तो वार ओलांडत नाही. म्हणजे बाळ वाचलं, पण आईच्या झडपेवर गुठळी धरण्याचा धोका वाढला! यात दोघांनाही पूर्ण सोयीचं असं काही नाही, आणि हे कागदाने मोकळेपणाने सांगायला हवं होतं.

लो मॉलिक्युलर वेट हेपरिनची (हेपरिनचाच एक प्रकार) इंजेक्शनं निवडली तर वजनाप्रमाणे ठरवलेली मात्रा नऊ महिने तीच ठेवून चालत नाही. इंजेक्शननंतर 4 ते 6 तासांनी अँटी-टेन-ए (हेपरिनचा रक्तातला परिणाम मोजणारी चाचणी) तपासून मात्रा वारंवार जुळवावी लागते. वॉरफरिन चालू ठेवलं असेल तर साधारण 36व्या आठवड्यात ते थांबवून हेपरिनवर यावं लागतं. गोळी चालू असताना कळा सुरू झाल्या तर सहसा सिझेरियन करतात. आईचा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) औषध देऊन उतरवता येतो, बाळाचा तितक्या लवकर उतरत नाही, आणि जन्ममार्गातून येताना डोक्यावर दाब पडतो.

ठोक्यांची लय बिघडल्यावर देतात त्या अमिओडारोनच्या बाबतीत चूक वेगळी. ‘गरोदर झाल्यास डॉक्टरांना सांगा’ हा सल्ला इथे उशिराचा ठरतो. 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम आयोडिन असतं, आणि औषध शरीरातून जायला काही महिने लागतात. पाळी चुकल्यावर गोळी बंद केली तरी बाळाच्या थायरॉइडपर्यंत ती पोचत राहते. निर्णय गर्भ राहण्याच्या आधीच व्हायला हवा. घेतलीच असेल तर बाळाची थायरॉइड तपासणी चुकवू नये.

जुन्या कागदांवर अजून गरोदरपणातला धोका दाखवणारी ए, बी, सी, डी, एक्स ही अक्षरं भेटतात. अमेरिकेत ती 1979 मध्ये आली, आणि 2015 पासून नव्या नियमाने ती काढून वर्णनात्मक मजकूर आणला. बरंच झालं. अ‍ॅटेनोलॉल आणि रामिप्रिल दोघांनाही ‘डी’ होतं. पण पहिल्याची मुख्य भीती बाळाची वाढ खुंटण्याची, दुसऱ्याची मूत्रपिंडच निकामी होण्याची. एकाच अक्षराने हे दोन्ही कसं कळणार? बीटा ब्लॉकर (ठोके आणि रक्तदाब उतरवणारा गट, अ‍ॅटेनोलॉल त्यातलंच) लागलाच तर मेटोप्रोलॉल किंवा लॅबेटॅलॉल पसंत करतात, आणि जन्मानंतर 24 ते 48 तास बाळाची साखर व ठोके पाहतात.

ठोके संथ करणाऱ्या डिगॉक्सिनचा कागद नेमका उलट्या कारणासाठी वाचावा. ‘वारेतून पलीकडे जाते’ हे वाक्य वाचून दचकायला होतं. पण त्याच गुणामुळे बाळाचे ठोके अतिवेगाने पडत असतील तेव्हा हे औषध आईला देऊन बाळावर उपचार करतात.

या सगळ्यात मोठी उणीव म्हणजे गोळी अचानक बंद केल्याचा धोका. गर्भाविषयीचा परिच्छेद वाचून मनाने बीटा ब्लॉकर सोडला तर ठोके उसळू शकतात. रक्त पातळ करणारं औषध सोडलं तर झडप अडकू शकते. आईचं हृदय बिघडलं की बाळाचा रक्तपुरवठाही तुटतो. म्हणून कागद दवाखान्यात न्यावा, त्यावर रोजची मात्रा, शेवटची गोळी कधी घेतली आणि पाळीची तारीख पेनाने लिहून. हृदयाचे आणि बाळंतपणाचे, दोन्ही डॉक्टरांना तोच कागद दाखवावा.

स्तनपानाचा परिच्छेद तर बऱ्याच ठिकाणी ‘टाळावे’ एवढ्यावरच उरकलेला असतो. वॉरफरिन दुधात जवळजवळ उतरत नाही आणि ते घेत असताना अंगावर पाजता येतं. एनालाप्रिलही बाळंतपणानंतर सहसा चालतं, बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर विचारून. अमिओडारोन मात्र इथेही नकोच.