पिशवीसकट पुरा म्हणाला, तिथंच ओळखायला हवं होतं

उन्हाळा लागला की पेपर उघडल्यावर आधी राकसकोप धरणाची पाणीपातळी बघायची, ही आम्हा बेळगावकरांची सवय. आमच्या अनगोळात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. त्यात जास्वंदीला घालायचं कुठलं, यावरून घरात रोज वाद. म्हणून यंदा ठरवलं, कमी पाण्यावर वर्षानुवर्षं टिकणारीच झाडं लावायची. हे मी गल्लीभर सांगत सुटले होते. मार्चमध्ये झाडांचा टेम्पो नेमका आमच्या दारात थांबला, तो योगायोग होता की कुणाकडून कानावर गेलं होतं, देव जाणे.

विशी-बाविशीचा पोरगा. मराठी आमच्यासारखीच, मधूनमधून कानडी. "अक्का, ह्यांला पाणी नकोच की. दगडात पण येतंय. आठ दिवसाला तांब्याभर घातलासा तरी बस्स." एकाच बुंध्यावर तीन रंगांच्या बोगनवेली, फुललेलं अ‍ॅडेनियम (फुगीर बुंध्याचा वाळवंटी गुलाब), पिवळी कण्हेर, लाल चाफा. पाचशे सांगितले, मी साडेतीनशेवर आणले. आठ झाडांचे २८०० रुपये मोबाइलवरून दिले आणि घासाघीस जमली म्हणून वर खूश.

जाताना त्यानं बजावलं, "पिशवी काढू नकासा, तशीच पुरा. मुळाला वारं लागलं तर झाड बसतंय. आणि पानं गळली तर भिऊ नकासा. उन्हाळ्यात झाड झोपतंय."

इथं मी फसले. चाफा कोरड्या दिवसांत पानं टाकून नुसत्या काठ्या होऊन उभा राहतो, हे मला माहेरापासून माहीत. त्यामुळे बाकीचंही खरंच वाटलं. झाड मरणार हे त्याला ठाऊकच होतं. मरताना ते कसं दिसेल, याचं कारण तो आधीच देऊन गेला.

तिसऱ्या दिवशी बोगनवेलीची पानं गळली. कागदी फुलं मात्र रंगासकट तशीच, त्यामुळे माझा धीर टिकला. आमचे हे रोज सकाळी चहा पिताना विचारायचे, "उठली काय तुझी झाडं?"

तीन आठवड्यांनी शेजाऱ्यांची मुलगी सुट्टीला आली. ती गोकाककडच्या अरभावीला उद्यानविद्येच्या कॉलेजात शिकते. तिनं बोगनवेलीचा बुंधा दोन बोटांनी धरून वर ओढला, तर लोण्यातून सुरी निघावी तसा अलगद हातात आला. खाली कोयत्यानं तिरपं छाटलेलं काळं टोक. मूळ म्हणून एकसुद्धा नाही. अंगठ्याएवढी फांदी लाल मातीत खोचलेली, आणि दुसऱ्या दोन रंगांच्या डहाळ्या मातीच्याच रंगाच्या दोऱ्यानं बांधलेल्या. अ‍ॅडेनियमचा फुगलेला बुंधा दाबला तर आतून पाणी आलं, कुजक्या मुळ्यासारखा वास. फुलाच्या देठाला गोंदाचा सुकलेला ठिपका.

"काकू, पिशवीसकट कुणी झाड लावतं का?" ती म्हणाली. मी काय बोलणार?

तिनं सांगितलेलं लिहून ठेवते. कमी पाण्याचं झाड असलं तरी पहिलं वर्ष त्याला पाणी लागतंच. मुळं खोल गेल्यावर मग ते आपलं आपण बघतं. लावायचं मृगाच्या पावसावर, ऐन मार्चच्या उन्हात नव्हे. घेताना बुंधा हलवून बघायचा, सैल लागला तर सोडायचं. पिशवी उलटी करून भोकांतून मुळांची टोकं दिसतात का बघायचं. हे करू न देणाऱ्याकडून काही घ्यायचंच नाही. अथणीकडं जे झाड चालतं ते बेळगावात चालेलच असं नाही, हाही मुद्दा तिचाच. तिकडं पाऊसच कमी. आमच्याकडं उन्हाळ्याला टिकलेलं अ‍ॅडेनियम जुलैच्या संततधारेत कुजतं. त्याला कुंडीत, वाळू-खडी घालून, पागोळ्यांपासून लांब ठेवायचं. सदाफुली, कोरांटी, कोरफड मला शेजारीपाजारीच फुकट मिळाली असती. कण्हेर मात्र लहान मुलं असतील तिथं नको, सगळं झाड विषारी.

पैसे पाठवले होते त्या नंबरावर फोन केला, बंद. बिल घेतलं नव्हतं, गाडीचा नंबर बघितला नव्हता. वडगावात आणि शहापुरात ओळखीच्या दोघींकडंही असाच टेम्पो आल्याचं मागाहून कळलं. त्या लाजेनं गप्प बसल्या होत्या, म्हणून मी लिहिते आहे.

सात झाडं उपटून टाकली. चाफा तेवढा राहिला, कारण चाफ्याची तोडलेली फांदी चीक सुकवून मातीत खोचली तरी धरते. तोही बिनमुळाचाच होता, पण पिशवी फाडून नीट लावल्यावर जूनमध्ये टोकाला दोन हिरवी पानं आली. लाल म्हणून घेतलाय. फुलल्यावर बघू.