कंसातलं गाव वाचा: व्हेनिसच्या नावाखाली झालेली आमची फसवणूक

सप्टेंबर 2024 मधली गोष्ट. इटलीतल्या पोर्तो कोर्सिनी बंदरावर क्रूझच्या चेक-इन काउंटरवरच्या मुलीने आमचे पासपोर्ट घेतले, स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या तिकिटाकडे पाहिलं आणि पेनाने केबिनचा नंबर खोडून दुसरा लिहिला. 9142 च्या जागी 5087. मला वाटलं, जहाजवाल्यांनी काही बदल केला असेल. बॅगा तोवर आत गेल्या होत्या, जुन्या नंबरचे टॅग लावून. रात्री साडेनऊ वाजले तरी त्या केबिनवर आल्या नाहीत. बीपीच्या गोळ्या त्यातच होत्या, म्हणून आम्ही दोघं शोधत निघालो. नवव्या डेकवर 9142 च्या दाराशी दोन्ही बॅगा उभ्या होत्या. आवाज ऐकून एका जर्मन जोडप्याने दार उघडलं. त्यांच्या मागे बाल्कनीचं काचेचं दार उघडं होतं, वाऱ्याने पडदा हलत होता. ज्या बाल्कनीचे पैसे आम्ही भरले होते, तशी बाल्कनी मी पहिल्यांदा पाहिली ती दुसऱ्याच्या दारात उभी राहून. आमच्या 5087 ला खिडकीसुद्धा नव्हती.

मी नाशिकला माध्यमिक शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. मिरी, लवंग, दालचिनी मलबारच्या किनाऱ्यावरून कशी निघायची, अरब व्यापाऱ्यांकडून अलेक्झांड्रियाला कशी पोचायची आणि तिथून व्हेनिसचे व्यापारी ती युरोपभर विकून कसे गब्बर झाले, हे किती तुकड्यांना सांगितलं असेल त्याला मोजदाद नाही. 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला आणि व्हेनिसची मक्तेदारी डळमळली, हे वाक्य तर मी झोपेतही म्हणेन. त्यामुळे निवृत्तीनंतर कुठे जायचं, हे आमच्या घरात विचारावंच लागलं नाही. ह्यांनी ग्रॅच्युइटीतले पैसे काढून ठेवले होते.

एजंट ओळखीतून मिळाला. आमच्या भिशीतल्या एकीच्या भाच्याचा मित्र. घरी यायचा, चहा घ्यायचा, "काका, काकू, तुम्ही कसलीच काळजी करू नका, पासपोर्ट तेवढे द्या," म्हणायचा. माणशी 2 लाख 40 हजार. त्यात विमान, व्हिसा, सात रात्रींची बाल्कनी केबिन, टिप्स, चार बंदरांवरची स्थलदर्शनं आणि पहिल्या दिवशी व्हेनिस. वर 5 टक्के जीएसटी आणि त्या सगळ्यावर 5 टक्के टीसीएस (परदेश सहलीच्या रकमेवर एजंट आपल्याकडून घेतो तो आयकर), म्हणून दोघांचे मिळून 5 लाख 29 हजार 200 रुपये घेतले. त्यातले दीड लाख रोख मागितले, युरो घ्यायला रोख लागतं असं सांगून. बाकीचे ऑनलाइन भरले, पण ऑफिसच्या नावावर नव्हे, त्याच्या बायकोच्या बचत खात्यात. हे मला तेव्हाच खटकलं होतं. पण ओळखीचा मुलगा, त्याला कसं विचारायचं, या भिडेपोटी आम्ही गप्प बसलो. फसवणुकीची सुरुवात या भिडेतच झाली, असं मला आज वाटतं.

आता व्हेनिसचं सांगते, कारण या प्रकारात आणखी लोक अडकतील.

त्याने दिलेल्या कागदावर लिहिलं होतं: "दिवस 1, व्हेनिस आगमन, शहरदर्शन, क्रूझवर प्रयाण." मार्को पोलो विमानतळावर उतरलो तर आमच्या नावाची पाटी घेऊन कुणी नव्हतं. तासभर थांबून फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "काकू, क्रूझ कंपनीची बस उभी असेल, त्यात बसा." बस होती. पण ती व्हेनिसला गेलीच नाही. दोन तास दक्षिणेला धावून तिने आम्हाला जिथे सोडलं ते रावेन्ना शहराचं बंदर, म्हणजेच पोर्तो कोर्सिनी, व्हेनिसपासून जवळजवळ 145 किलोमीटरवर. बसमधल्या बाकीच्यांना यात नवल वाटलं नाही. त्यांच्या तिकिटांवर "व्हेनिस", आणि पुढे कंसात "रावेन्ना" असं स्वच्छ छापलेलं होतं. आमच्या कागदावरून तो कंस काढून टाकला होता.

खरी परिस्थिती अशी आहे की इटलीच्या सरकारने 1 ऑगस्ट 2021 पासून 25 हजार टनांवरच्या मोठ्या जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून आणि जुदेक्का कालव्यातून जायला बंदी केली आहे. आपल्याकडे पॅकेजमध्ये विकली जातात ती बहुतेक जहाजं याच्या कितीतरी पट मोठी असतात. ती आता मार्गेराच्या औद्योगिक धक्क्यावर, रावेन्नाला किंवा त्रिएस्तेला लागतात. पत्रकावर मात्र जहाज व्हेनिसच्या घुमटांपुढून चाललेलं दिसतं. रोमचंही तसंच. "रोम" म्हणजे चिविताव्हेक्कीया, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब. "फ्लॉरेन्स" म्हणजे लिव्होर्नो. "अथेन्स" म्हणजे पिरेयस, ते त्या मानाने जवळ. जहाज कंपन्या हे कंसात लिहितात तरी. एजंटच्या पत्रकात शहराचं नाव दिसलं, की बंदराचं नाव काय आणि तिथून शहरात कोण, कशाने, किती वेळात नेणार, हे लेखी मागा.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. रावेन्नाला सान विताले चर्च आहे. 547 मध्ये वापरात आलेलं, सम्राट जस्टिनियन आणि थिओडोराच्या मोझेइकांचं. वर्गात मी त्याचं चित्र दाखवायचे. ते पोर्तो कोर्सिनीपासून पंधरा किलोमीटरच्या आत होतं आणि आम्ही बंदरावरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पाच तास बसून होतो. खरं सांगितलं असतं, तर आदल्या दिवशी येऊन ते डोळे भरून पाहिलं असतं. खोटं बोलून त्याने व्हेनिस तर दिलं नाहीच, रावेन्नाही घालवलं.

दुसऱ्या दिवशी जहाजावरच्या चौकशी काउंटरवर गेलो. नशिबाने तिथे मडगावचा एक मुलगा होता. मराठी ऐकताच त्याचा चेहरा खुलला. आमचं बुकिंग उघडून पाहिलं आणि तो हळूच म्हणाला, "आंटी, तुमकां बाल्कनी ना. ही इनसाईड केबिन आसा." मग मराठीत समजावून सांगितलं. आमचं बुकिंग सगळ्यात स्वस्त प्रकारातलं, "गॅरंटी" नावाचं होतं. यात केबिनचा नंबर तुम्ही निवडत नाही, जी उरेल ती कंपनी देते. दोघांचे मिळून 1,620 युरो भरलेले होते, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण दीड लाख. टिप्स भरलेल्या नव्हत्या. स्थलदर्शन एकही नव्हतं. संपर्क म्हणून ईमेल होता तो एजंटचा, त्यामुळे कंपनीचं एकही पत्र आमच्यापर्यंत आलं नव्हतं. वेब चेक-इनही त्यानेच केलं होतं, "काकू, तुम्हाला ते जमायचं नाही," असं म्हणून. आम्हाला मिळालेली तिकीटं आणि बॅगांचे टॅग म्हणजे मूळ कागद घेऊन त्यावर 9142 टाकलेली पीडीएफ होती. घरी आल्यावर मुलाने ती मोठी करून दाखवली. बाकीचे आकडे एका वळणाचे, आणि 9142 मधला 1 वेगळाच, पायाशी रेघ असलेला.

टिप्सचे रोज माणशी 12 युरो आमच्या कार्डावर पडत गेले. सात रात्रींचे 168 युरो, जे आम्ही नाशिकमध्ये एकदा भरलेले होते. मडगावच्या त्या मुलाने काउंटरवरची यादी छापून दिली, शिक्का मारून दिला आणि म्हणाला, हे जपून ठेवा. आमच्या तक्रारीत आज सगळ्यात भक्कम कागद तोच आहे. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

पॅकेजच्या रकमेत स्थलदर्शनांचे म्हणून एजंटने 48 हजार दाखवले होते. स्प्लिटला "डायोक्लेशियन राजवाडा, प्रवेश फीसह" असं लिहिलेलं. प्रत्यक्षात तो राजवाडा म्हणजे गावच आहे. सतराशे वर्षांपूर्वीच्या भिंतींच्या आत लोक राहतात, वर दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. त्या गल्ल्यांतून फिरायला तिकीट लागतच नाही. तळघरं आणि चर्च पाहायची तेवढं वेगळं तिकीट. जहाजापासून आम्ही चालतच गेलो. दुब्रोवनिकला जहाज ग्रुझ बंदरात लागतं, तिथून जुन्या शहराच्या पिले दरवाजापर्यंत साधी शहर बस जाते. तटावर चढायला माणशी 35 युरो, ते खिशातून भरले. 1,940 मीटरचा तट आम्ही दोघांनी दुपारच्या उन्हात पुरा केला. खाली लाल कौलं, पलीकडे निळा समुद्र. ह्यांचे गुडघे दुखत होते, तरी मध्ये उतरू म्हणाले नाहीत.

कोटोरच्या खाडीत जहाज पहाटे शिरतं. वेरिगेच्या चिंचोळ्या जागी दोन्ही किनाऱ्यांत जेमतेम 340 मीटर अंतर राहतं. खिडकी नसल्यामुळे आम्हाला हे कळलंच नसतं. मडगावकराने सांगून ठेवलं होतं, म्हणून पाचला उठून वरच्या डेकवर गेलो. इथे एक महत्त्वाचं: कोटोर मॉन्टेनेग्रोत आहे, ते शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांमध्ये, नाही. स्प्लिट आणि दुब्रोवनिक ज्यात येतात तो क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून आहे. म्हणजे मध्येच शेंगेनच्या बाहेर जाऊन परत आत यायचं असतं आणि त्यासाठी एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो. आमच्या व्हिसावर "मल्ट" होतं, म्हणून निभावलं. तुमच्या व्हिसावर प्रवेशांच्या रकान्यात 01 असेल, तर असल्या जहाजावर चढण्याआधीच अडचण येऊ शकते. पासपोर्ट हातात आला की तो रकाना आधी पाहा.

कोटोरला आणि कॉर्फूला जुन्या भिंतींवर व्हेनिसचा पंखवाला सिंह कोरलेला दिसतो. दोन्ही गावं 1797 पर्यंत व्हेनिसच्याच ताब्यात होती. सिंह ठिकठिकाणी भेटत होता आणि माझ्या मनातून ते शहर जात नव्हतं.

परतीचं विमान रात्रीचं होतं. रावेन्नाहून बस दुपारी विमानतळावर आली. हे म्हणाले, "बॅगा ठेवायची जागा आहे का बघ, जाऊन येऊ." स्वतःच्या पैशाने शहर बस धरली, पिआत्साले रोमाला उतरलो आणि साडेनऊ युरोचं एकेक तिकीट काढून व्हेपोरेत्तोत, म्हणजे तिथल्या पाण्यावरच्या बसमध्ये, बसलो. रिआल्तो पुलावर वीस मिनिटं उभी राहिले. 1591 मध्ये पुरा झालेला हा दगडी पूल. याच्या आजूबाजूच्या बाजारात आपल्याकडची मिरी विकली जायची. मला रडू आलं. ते आनंदाचं होतं, आणि संतापाचंही होतं. जे दिवसभर पाहायचं म्हणून वर्षानुवर्षं पैसे साठवले, ते घड्याळाकडे बघत पाहावं लागलं.

तिथेच आणखी एक कळलं. एजंटने "व्हेनिस प्रवेश कर" म्हणून माणशी 1,800 रुपये वेगळे घेतले होते. असा कर 2024 मध्ये सुरू झाला हे खरं, पण तो 5 युरो होता, फक्त ठरावीक 29 दिवसांपुरता, आणि त्यातला शेवटचा दिवस 14 जुलै होता. आम्ही गेलो सप्टेंबरात.

परत आल्यावर तो आधी फोन घेईना. मग घरी येऊन 20 हजार रुपये आणि "आमची काही तक्रार नाही" असं टाइप केलेला कागद पुढे ठेवला. आम्ही सही केली नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हीही करू नका.

मुलाने मग टीसीएसचं पाहिलं. हा कर एजंटने आपल्या, म्हणजे ग्राहकाच्या, पॅनवर भरायचा असतो, त्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं आणि ती रक्कम आपल्या 26एएस मध्ये, म्हणजे आपल्या नावे जमा झालेला कर दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या पत्रकात, दिसायला हवी. रिटर्न भरताना ती वळती करून घेता येते, म्हणजे ते पैसे आपलेच असतात. डिसेंबरपर्यंत वाट पाहिली. आमच्या दोघांच्याही 26एएस मध्ये काहीही आलं नाही. 25 हजार 200 रुपये त्याने कराच्या नावाने घेऊन खिशात घातले. जीएसटीचं बिल मागितलं तर लेटरहेडवर हाताने लिहिलेली पावती आली, त्यावर जीएसटी नंबरच नव्हता. सहल करून आलेल्या प्रत्येकाने आपलं हे पत्रक उघडून पाहावं, अगदी सहल उत्तम झाली असली तरी.

आणि बुकिंग करताना एवढं करा. जहाज कंपनीचा बुकिंग नंबर आधी घ्या, त्यावर ईमेल स्वतःचा द्यायला लावा आणि कंपनीच्या साइटवर तो नंबर स्वतः टाकून केबिनचा प्रकार आणि भरलेली रक्कम पाहा. दहा मिनिटांचं काम आहे. ज्या एजंटच्या मनात काळं नाही, तो नंबर द्यायला का-कू करणार नाही. पैसे फर्मच्या चालू खात्यात द्या, जमल्यास क्रेडिट कार्डाने, म्हणजे बँकेकडे दाद मागता येते. रोख देऊ नका. आमचे दीड लाख दिल्याचा एकच पुरावा आहे: "1.5 मिळाले काकू" हा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज. तो पुसला नाही हे नशीब.

आम्ही आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. एजंटने दाद दिली नाही, म्हणून जानेवारी 2025 मध्ये ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते, आणि आमच्या रकमेला फी पडली 200 रुपये. वकील न घेता मीच मांडते आहे. तीस वर्षं वर्गापुढे उभी राहिलेली बाई आहे, बोलायची भीती नाही. बॅगेचा तो 9142 चा टॅग, काउंटरवरची शिक्क्याची यादी आणि कंस नसलेलं ते पत्रक, तिन्ही एका फाइलमध्ये लावून ठेवलं आहे.

भिशीतली ती मैत्रीण आता माझ्याशी बोलत नाही. तिच्या भाच्याच्या मित्राचं नाव मी आयोगात घेतलं, याचा तिला राग आहे. याचं मला वाईट वाटतं. पण गेल्याच महिन्यात आमच्या सोसायटीतले एक काका त्याच मुलाचं नवं पत्रक घेऊन आले होते, पुढच्या हंगामाचं. मी चष्मा लावून पहिल्या दिवसाची ओळ वाचली. व्हेनिस आगमन, शहरदर्शन, क्रूझवर प्रयाण.