नौपाड्यातील महिला व्यायामवर्ग: वजनकाट्याऐवजी कार्डावरची नोंद

ठाण्यात नौपाड्यातील एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर भरणाऱ्या, केवळ महिलांसाठी असलेल्या या व्यायामवर्गात मी गेल्या पावसाळ्यापासून जात आहे. नाव नोंदवताना येथे वजन विचारले गेले नाही. गुडघे दुखतात का, रक्तदाबाची किंवा थायरॉईडची गोळी चालू आहे का आणि आपल्याला नेमके काय जमायला हवे आहे, एवढे विचारून शिक्षिकेने ते कार्डावर लिहून घेतले. माझ्या कार्डावर ‘हाताचा आधार न घेता जमिनीवरून उठणे’ असे लिहिले आहे आणि त्यापुढे दर महिन्याला प्रगतीची नोंद होते. याआधी मी ज्या जिममध्ये जात असे, तेथे दर सोमवारी सर्वांदेखत वजन केले जाई आणि काटा हलला नाही की पुढचा आठवडा अनेकजणी येतच नसत.

या वर्गाची सर्वांत विचारपूर्वक केलेली सोय म्हणजे आरशावरचा पडदा. भिंतभर आरसा आहे. परंतु स्क्वॅट्स करताना पाठीला येणारा बाक दाखवायचा असेल तेवढ्यापुरताच पडदा सरकवतात. कॅनडात झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एरवी व्यायाम न करणाऱ्या ज्या स्त्रियांनी आरशासमोर सायकल चालवली, त्यांना आरशाविना चालवणाऱ्यांपेक्षा व्यायामानंतर कमी बरे वाटले, मग स्वतःच्या शरीराविषयी त्यांचे मत चांगले असो वा वाईट. टी-शर्ट ओढून पोट झाकत कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या बायका येथे काही आठवड्यांत आपणहून पुढच्या रांगेत येतात, हे मी पाहिले आहे. कोणी सलवार-कमीजवर व्यायाम करते. तिला कोणी टोकत नाही.

मानसशास्त्रज्ञ डेसी आणि रायन यांच्या स्वयंनिर्णय सिद्धान्तानुसार, स्वतः निवडलेली आणि जमू लागलेली गोष्ट माणूस अधिक काळ टिकवतो. कार्डाची पद्धत नेमकी हीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल अपुरी होती, तर पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के होते. त्यामुळे स्त्रिया व्यायामाला येत राहतील, याची काळजी घेणारा वर्ग मला फार मोलाचा वाटतो. आठवड्यातून तीन दिवस तासभर व्यायाम होतो आणि त्यांपैकी दोन दिवस डम्बेल व रबरी पट्ट्यांचा असतो, म्हणजे संघटनेने सुचवलेला आठवड्यातून किमान दोन दिवसांचा स्नायूंचा व्यायाम साधतो; दम वाढवणाऱ्या मध्यम व्यायामाची किमान १५० मिनिटे भरायला मात्र वर्गाबाहेर चालण्यासारखी जोड द्यावी लागते.

उणिवाही आहेत. कपडे बदलण्याची खोली अगदी अरुंद आहे आणि संध्याकाळच्या बॅचला हात पसरायलाही जागा उरत नाही. अधिक खटकणारी गोष्ट म्हणजे जिन्यात लावलेली ‘लग्नाआधी दहा किलो कमी करा’ अशी जाहिरात, जी वर्गात पाळल्या जाणाऱ्या तत्त्वाच्या अगदी विरुद्ध आहे. ती काढावी, असे मी संचालिकांना लेखी कळवले आहे. शुल्क तीन महिन्यांचे आगाऊ घेतात आणि इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी एकदा जिना पाहून यावा.