"सायकल झालेला फिल्टर" म्हणून १८०० रुपयांना नवा कोरा स्पंज दिला, अ‍ॅक्सोलॉटल घ्यायच्या आधी हे वाचा

मुलगी सातवीत आहे, माइनक्राफ्ट गेममध्ये बघितल्यापासून तिला अ‍ॅक्सोलॉटल (पाण्यातच राहणारा, डोक्याच्या बाजूंना पिसांसारखे कल्ले असलेला छोटा प्राणी) हवा होता. दोन वर्षं टाळलं, शेवटी मागच्या डिसेंबरमध्ये वाढदिवसाला हो म्हटलं. पुण्यात थंडीत आमच्या घरात पाणी १९-२० डिग्रीला असतं, ह्या प्राण्याला १६ ते १८ लागतं आणि २४ च्या वर गेलं की त्याला त्रास होतो, एवढं मी वाचलं होतं. नवीन टँक आधी सायकल करावा लागतो हेही वाचलं होतं. म्हणून तर जास्त चीड येते, कारण दुकानात गेल्यावर माझा पहिला प्रश्न तोच होता.

ज्यांना सायकल म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्राण्याच्या शी-शूमधून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया होतो, तो विषारी. एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचा नायट्राइट करतात, तोही विषारी, मग दुसरे बॅक्टेरिया त्या नायट्राइटचा नायट्रेट करतात, तो बराच सौम्य असतो आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतो. हे बॅक्टेरिया मुख्यतः फिल्टरच्या स्पंजमध्ये राहतात आणि वाढायला चार ते आठ आठवडे घेतात, थंड पाण्यात अजून हळू.

तर दुकानदार म्हणाला, ताई, दीड महिना कशाला थांबता, आमच्याकडे सायकल झालेला फिल्टर मिळतो, २५ दिवस चालू टँकमध्ये ठेवलेला, तो लावा, ही बॅक्टेरियाची बाटली ओता आणि संध्याकाळी प्राणी सोडा. मी विचारलं नक्की ना, तर त्याने दुकानातल्या त्या टँकमध्ये माझ्यासमोर टेस्ट स्ट्रिप बुडवली, डब्यावरच्या रंगांशी लावून दाखवली, नायट्राइट शून्य, नायट्रेट शून्य, बघा सगळं ओके. मला ते पटलं. अडीच फुटी टँक आणि स्टँड ६५००, अ‍ॅक्सोलॉटल २८००, तो फिल्टर १८००, बाटली ६५०, असे ११,७५० रुपये यूपीआयने दिले. बिल मागितलं तर व्हिजिटिंग कार्डच्या मागे पेनने हिशोब लिहून दिला. फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिला, आत पाण्याचा थेंब नव्हता. हे मला तेव्हा दिसलं होतं पण त्याचा अर्थ कळला नाही.

मुलीने नाव ठेवलं भुरी, कारण रंग पांढरट गुलाबी. पहिले तीन-चार दिवस छान गेले, ब्लडवर्म (खाण्याच्या लाल अळ्या) चिमट्याने धरले की तोंड उघडून गपकन ओढून घ्यायची. पाचव्या दिवशी खाणं बंद. सहाव्या दिवशी एकदम सगळीकडे धडका देत पोहायची आणि मग तळाशी निपचित. आठव्या दिवशी मुलगी शाळेतून आली, टँकजवळ गेली आणि म्हणाली आई, तिचे झुपके गळतायत. डोक्याच्या दोन्ही बाजूंना जे पिसांसारखे कल्ले असतात ते बारीक आणि फिके झाले होते, पोटाची कातडी लालसर झाली होती. दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, नवीन जागा आहे ताई, सेट होईल, अजून अर्धं झाकण बॅक्टेरिया टाका.

आमच्या ऑफिसमध्ये एक काका आहेत, पंधरा वर्षं मासे पाळतात, ते त्याच संध्याकाळी लिक्विड टेस्ट किट घेऊन घरी आले. पण किट उघडायच्या आधी त्यांनी फिल्टरचा स्पंज काढला, मगमध्ये टँकचं पाणी घेतलं आणि त्यात तो पिळला. पाणी जसंच्या तसं स्वच्छ. म्हणाले, महिनाभर चाललेला स्पंज पिळला तर चहासारखं गढूळ पाणी निघतं, हा नवा आहे, आणि जुना असता तरी असा कोरडा करून दिला तर आतले बॅक्टेरिया मेले असते. तुम्हाला विरजण म्हणून रिकामी वाटी दिली आहे त्याने. मग टेस्ट ट्यूबमध्ये थेंब टाकले, पांढऱ्या कागदासमोर ट्यूब धरली, त्या किटमध्ये पिवळा म्हणजे अमोनिया शून्य, आमचा रंग पाच मिनिटांत हिरवा, म्हणजे २ पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात दोन भाग). नायट्राइट शून्य, नायट्रेट शून्य. म्हणजे सायकल सुरूच झाली नव्हती.

आणि इथेच मला ती स्ट्रिपची गोष्ट कळली. त्या स्ट्रिपच्या डब्याचा फोटो मी मुलीला दाखवायला म्हणून काढला होता, तो मोठा करून बघितला. सहा रंग होते, पीएच, हार्डनेस, अल्कलिनिटी, क्लोरीन, नायट्राइट, नायट्रेट. अमोनियाचा रंगच नाही. सायकल झालेल्या टँकमध्ये थोडा तरी नायट्रेट दिसायला हवा, आणि दुकानदार मला नायट्रेट शून्य दाखवून ओके म्हणत होता. रोज हाच धंदा करणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

भुरीला त्याच रात्री टबमध्ये हलवलं. नवीन, साबण न लागलेला प्लास्टिकचा टब, अँटी-क्लोरीन टाकलेलं पाणी, तापमान आधीच्या पाण्याइतकंच, आणि रोज सगळं पाणी बदलायचं. टँकमधले रंगीत खडे काढून टाकले, कारण अ‍ॅक्सोलॉटल खाताना खडे गिळतो आणि ते पोटात अडकतात, हेही दुकानात कोणी सांगितलं नाही, उलट दोन किलो खडे "गिफ्ट" दिले होते. खड्यांच्या फटीत ब्लडवर्म कुजले होते, इतका वास आला की मुलगी रडायलाच लागली.

रिकामा टँक मग नीट सायकल केला. काकांनी त्यांच्या जुन्या टँकमधला स्पंजचा तुकडा ओल्या पिशवीत आणून दिला. बॅक्टेरियाला खायला म्हणून लॅब ग्रेड अमोनियम क्लोराइड घेतलं, म्हणजे नवसागरच, पण कल्हईवाल्यांचा नाही, शुद्ध. अमोनिया २ पीपीएमवर येईल एवढंच टाकायचं आणि रोज टेस्ट करायची. नऊ दिवस काहीच हललं नाही. मग एका सकाळी नायट्राइटची ट्यूब आकाशी रंगाची जांभळी झाली आणि मुलगी किचनपर्यंत ओरडत आली. पाच आठवड्यांनी असं झालं की रात्री २ पीपीएम अमोनिया टाकला तर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, फक्त नायट्रेट वाढलेला. तेव्हा बरंचसं पाणी बदलून नायट्रेट २० च्या खाली आणला आणि भुरीला परत सोडलं.

दुकानात मी दोनदा गेले. पहिल्यांदा म्हणाला तुम्ही जास्त खायला घातलं. मी स्पंज सोबत नेला होता, म्हटलं तुमच्या चालू टँकमधला एक काढून पिळून दाखवा, तेव्हा आवाज चढवला. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार केली, यूपीआयची नोंद आणि त्या कार्डाचा फोटो होता. तीन आठवड्यांनी फिल्टरचे १८०० परत आले, बाकी काही नाही.

अजून एक, हे तर मला फार उशिरा कळलं. अ‍ॅक्सोलॉटल हा मासा नाही, मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्को भागातल्या पाण्यातला उभयचर आहे, निसर्गात जवळपास संपत आलेला आणि साइट्सच्या (CITES, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतला. २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी घरी असेल तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, ताई, माशाला कसले पेपर. त्यामुळे प्राणी घ्यायच्या आधीच कागद मागा आणि पक्कं बिल मागा, देत नसेल तर तिथूनच परत फिरा. सायकल झालेला फिल्टर म्हणून कोणी देत असेल तर त्याच टँकच्या पाण्यात पिळून दाखवायला सांगा, आणि अमोनियाची लिक्विड टेस्ट तुमच्यासमोर करायला लावा.

भुरीचे उजवीकडचे झुपके पूर्ण भरून आलेत, डावीकडचा मधला अजून आखूड आहे. माझा स्पंज आता चांगला जुना झालाय, पिळला की चहासारखं पाणी निघतं. पुण्यात कोणाला तुकडा हवा असेल तर सांगा, टँकच्याच पाण्यात ओला बांधून देईन, पैसे नकोत.