हॅलोविनची कँडी फ्रीझरमध्ये: आठ महिन्यांनंतर काय उरलं

२०२४ ची दिवाळी आठवतेय ना? भारतात लक्ष्मीपूजन ३१ ला की १ ला, यावर घराघरांत वाद चालले होते. इथे न्यू जर्सीत वादाला जागाच नव्हती, ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ ठरलेली. म्हणजे नेमकी हॅलोविनची, मुलं वेश बदलून घरोघरी कँडी मागत फिरतात त्या सणाची. दारात रांगोळी, बाजूला कोरलेला भोपळा, आत पूजा मांडलेली आणि बाहेर दर पाच मिनिटांनी बेल. रात्री नऊला दोन्ही मुलं उशीच्या अभ्र्यातून कँडी घेऊन परतली. काट्यावर घातली तर दोघांची मिळून ११ पौंड, म्हणजे पाच किलो. त्यात आम्ही वाटायला आणलेल्या पिशव्यांतली उरलेली, आणि टेबलावर काजू कतली, पेढे, बेसनाचे लाडू.

काही डेंटिस्ट कँडी वजनावर विकत घेतात. तो पर्याय सुचवताच धाकटीने अभ्र्यावर लोळण घेतली. मग ठरलं, गराजमधल्या डीप फ्रीझरमध्ये ठेवायची आणि दर शनिवारी थोडी थोडी काढायची. तेव्हापासून जुलैपर्यंत हेच चाललं होतं.

पहिली चूक पहिल्याच रात्री झाली. कंटाळा आला होता म्हणून अर्धी कँडी स्वयंपाकघरातल्या फ्रीजच्या वरच्या फ्रीझरमध्ये, साध्या पातळ पिशवीत कोंबली. तिथे शेजारी सुरमईचे तुकडे आणि हिंगाच्या फोडणीची उरलेली आमटी. चॉकलेटमधलं कोको बटर वास किती पटकन धरतं, हे तीन आठवड्यांनी कळलं. नवऱ्याने वेफर तोंडात टाकला आणि म्हणाला, ''अगं, याला मासळीबाजाराचा वास येतोय.'' ती पिशवी सरळ कचऱ्यात. शिवाय वरचा फ्रीझर स्वतःहून बर्फ वितळवणारा असतो, त्यासाठी आतलं तापमान अधूनमधून वर जातं. गराजमधल्या पेटीसारख्या फ्रीझरमध्ये बर्फ हाताने खरवडावा लागतो, पण तो शून्य फॅरेनहाइटला, म्हणजे उणे १८ सेल्सिअसला, बऱ्यापैकी स्थिर राहतो.

दुसरी चूक जास्त शिकवून गेली. थँक्सगिव्हिंगला पाहुणे आले, मी फ्रीझरमधून पिशवी काढली आणि कौतुकाने लगेच उघडून वाटीत ओतली. दहा मिनिटांत सगळ्या चॉकलेटांना घाम फुटला. तो वाळला तेव्हा वर खरखरीत पांढरे डाग. बुरशी नव्हे ती, बाहेरच्या हवेतलं बाष्प गार चॉकलेटवर जमतं, त्यात साखर विरघळते आणि पाणी उडालं की साखरेचे कण वर राहतात. काही चॉकलेटांवर मात्र वेगळा, बोट फिरवलं की तुपकट लागणारा पांढुरका थर होता. तो फ्रीझरचा दोष नव्हे. त्या वर्षी ऑक्टोबरअखेरीस इथे ऐंशी फॅरेनहाइटच्या आसपास उकाडा होता, उरलेल्या पिशव्या दुपारभर गाडीत राहिल्या आणि आतलं चॉकलेट पाघळून पुन्हा थिजलं होतं. अशा वेळी कोको बटर वर येऊन बसतं. दोन्ही प्रकार खाल्ले तर काही होत नाही, पण पाहुण्यांपुढे ठेवायची लाज वाटते.

त्यानंतर जी पद्धत बसली ती आजतागायत बदललेली नाही. कँडीचे कागद काढायचे नाहीत. झिपलॉकच्या जाड पिशवीत भरून हवा दाबून काढायची, ती पिशवी पुन्हा घट्ट झाकणाच्या डब्यात, वर तारीख. डबा आधी एक दिवस फ्रीजमध्ये, मग फ्रीझरमध्ये. काढताना उलटं: शुक्रवारी डबा फ्रीजमध्ये, शनिवारी सकाळी ओट्यावर, आणि पिशवी पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही. घाम सुटायचा तो पिशवीच्या बाहेरून सुटू दे. या शेवटच्या वाक्यात निम्मी विद्या आहे. पिशवीतली हवा ओढून ती बंद करणारा व्हॅक्यूम सीलरही वापरून पाहिला. कॅरमेलवाल्या चॉकलेटांचा त्याने चपटा लगदा केला, तेव्हा तो परत मटारच्या सेवेत रुजू झाला.

आता काय टिकलं ते. कॅरमेल, नूगा आणि शेंगदाणे असलेले छोटे बार उत्तम. स्निकर्स तर गारच, दातांनी कुरतडत खाल्लेला मला जास्त आवडायला लागला. बेकिंगलाही सोय होते, कॅरमेल गोठलेलं असताना सुरीला चिकटत नाही, सरळ चिरून ब्राउनीत टाकायचं. साखरेचं कवच असलेल्या रंगीत चॉकलेट गोळ्यांना बारीक तडे गेले, चव तीच. कँडी कॉर्न, म्हणजे मक्याच्या दाण्यासारख्या दिसणाऱ्या साखरेच्या गोळ्या, अगदी जशीच्या तशी राहिली, दुर्दैवाने.

गमी, म्हणजे अस्वलाबिस्वलाच्या आकाराच्या चिवट जेलीच्या गोळ्या, फ्रीझरमध्ये दगड होतात. थोरल्याने धीर न धरता एक अस्वल चावलं आणि ब्रेसेसची तार निघाली. त्या भेटीच्या बिलात पुढच्या तीन हॅलोविनची कँडी आली असती. पूर्ण नरम होऊ दिल्या तर ठीक लागतात, पण थोड्या वातड. लॉलीपॉप आणि कडक गोळ्या फ्रीझरमध्ये घालूच नका, बाहेर आल्यावर ओल धरतात आणि कागद सोलून निघत नाही. ख्रिसमसच्या काठीसारख्या कँडी केनचंही तेच. त्यांना कोरडा, घट्ट डबा पुरतो. आपल्या संक्रांतीच्या हलव्याला आई काचेच्या बरणीत ठेवायची, तसाच.

मिठाईचं सांगायचं तर बेसनाचे लाडू पैकीच्या पैकी. काजू कतली फेब्रुवारीपर्यंत मऊ होती, फक्त प्रत्येक थरामध्ये बटर पेपर घालावा लागतो. पेढे मात्र कोरडे, रवाळ झाले. त्या वेळी सासूबाई आमच्याकडे होत्या, त्यांनी ते कुस्करून दुधात आटवले, वेलची टाकली आणि कुणाला कळूही दिलं नाही.

एक गोष्ट कबूल करायला हवी. सुरुवातीलाच मी एक डबा मुद्दाम फ्रीझरबाहेर, तळघरातल्या कपाटात ठेवला होता. तिथे हिवाळाभर साठ-पासष्ट फॅरेनहाइट असतं, म्हणजे चॉकलेटला मानवणारंच. मे महिन्यात दोन्ही डब्यांतली साधी चॉकलेटं डोळे मिटून खाऊन पाहिली. आम्हा चौघांपैकी कुणालाच फरक ओळखता आला नाही. डार्क चॉकलेट तर तसंही वर्षभर राहतं. जुलैत मात्र कपाटातले शेंगदाणेवाले बार खवट लागायला लागले, फ्रीझरमधले नाही. म्हणजे दाणे, बदाम, काजू असलेलं सगळं फ्रीझरमध्ये, आणि साध्या चॉकलेटसाठी जागा अडवण्यात अर्थ नाही. इतके महिने मी ती उगाच गोठवत, वितळवत बसले होते. उन्हाळ्यात ज्यांचं घर तापतं, किंवा जे मुंबई-नागपूरला राहतात, त्यांनी हा सल्ला ऐकू नये.

मुलांचं म्हणाल तर मार्चनंतर त्यांनी शनिवारची आठवण काढणं सोडलं. ईस्टरला नवी कँडी आली आणि जुनीची किंमतच गेली. तरी डबा हलका होत राहिला. रात्री अकराला गराजचा दिवा का लागतो, हे मी नवऱ्याला विचारत नाही, तोही मला विचारत नाही.

२०२५ ला लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला होतं, हॅलोविन त्यानंतर अकरा दिवसांनी. दोन्ही ढीग एकदम येणार नव्हते, त्यामुळे फ्रीझरचा खालचा कप्पा आधी लाडवांना दिला. सुरमई वरच्या फ्रीझरमध्येच राहील, आणि तिच्या शेजारी आमटीशिवाय काही नाही.