रविवारची सिलॉजिझम बॅच: आकृतीचा पाया पक्का, नोट्स मात्र अपुऱ्या

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका क्लासची रविवारची रिझनिंग (तर्कक्षमता) बॅच बँक भरतीवाल्यांनी सिलॉजिझमसाठी, म्हणजे दिलेली विधानं खरी धरून निष्कर्ष तपासण्याच्या प्रश्नांसाठी, तरी जरूर लावावी. आयबीपीएस या बँक भरती परीक्षेच्या प्रिलिम्सला (पूर्वपरीक्षेला) रिझनिंगचे 35 प्रश्न 20 मिनिटांत सोडवायचे असतात आणि चुकलेल्या उत्तराला पाव भाग गुण जातो. तिथे पाठ केलेले नियम आठवत बसायला वेळ नसतो. या बॅचमध्ये पहिल्या तासापासून प्रत्येक गटासाठी एक अशी वर्तुळंच काढून घेतात.

फळ्यावरचं उदाहरण असं: सर्व चादरी टॉवेल आहेत. केवळ काही टॉवेल दोरे आहेत. चादर म्हणजे टॉवेल नव्हे हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही, म्हणूनच उदाहरण चांगलं: विधान खोटं वाटलं तरी खरंच धरायचं, ही सवय लागते. 'केवळ काही' म्हणजे काही टॉवेल दोरे आहेत आणि काही नक्की नाहीत. त्यामुळे 'सर्व टॉवेल दोरे असण्याची शक्यता आहे' हा निष्कर्ष बाद. सर्व चादरी दोरे असू शकतात मात्र, कारण चादरींचं वर्तुळ टॉवेल आणि दोरे यांच्या सामाईक भागात सरकवता येतं. बहुतेक मुलं एक आकृती काढून थांबतात आणि तिथेच फसतात. इथे निष्कर्ष बरोबर वाटला की तो खोटा पाडणारी दुसरी आकृती शोधायला लावतात. ती निघालीच नाही तर निष्कर्ष पक्का. केवळ या शिस्तीसाठी फी वसूल होते.

'आयदर-ऑर', म्हणजे 'दोन निष्कर्षांपैकी कोणतातरी एक खरा' हा पर्यायही नीट शिकवतात. 'काही चादरी दोरे आहेत' आणि 'एकही चादर दोरा नाही' ही विधानं एकेकटी सिद्ध होत नाहीत, पण दोन्हींपैकी एक खरं असणारच. जोडी 'सर्व' आणि 'काही नाहीत' अशी असेल तर पदांचा क्रमही तोच लागतो: 'सर्व अ ब आहेत' याच्यासमोर 'काही ब अ नाहीत' आलं तर जोडी जमत नाही. हे नोट्समध्ये छापलेलं नाही, वर्गातच लिहून घ्या.

नोट्स हीच मोठी उणीव. सराव संचामागे नुसते पर्याय क्रमांक आहेत, आकृत्या नाहीत. घरी चूक कुठे झाली ते कळत नाही. 'फक्त चादरीच टॉवेल आहेत' म्हणजे सर्व टॉवेल चादरी आहेत, या उलट्या रचनेवर तर जेमतेम दोन प्रश्न. शंका त्याच रविवारी वर्ग संपल्यावर विचारा, तेव्हा सर आकृती काढून देतात.